दप्तर खोटे बोलते तेव्हा : आवर्जून पाहाव्यात अशा ब्रिटिश नाट्यमालिका, ऐकावेत असे पॉडकास्ट

#धागा #इतिहास

१.
१ जानेवारी २०२४ च्या रात्री ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर चार भागांची एक मालिका सुरू झाली आणि ४ जानेवारीला संपली. १० जानेवारीला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत जाहीर केले, की शेकडो नागरिकांवरील दोषसिद्धी नवा कायदा करून एकत्रितपणे रद्द केली जाईल. वीस वर्षे रेंगाळलेला प्रश्न दहा दिवसांत मार्गी लागला.

२.
एका मालिकेत एवढे सामर्थ्य कोठून येते? आणि ते सामर्थ्य इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्या नजरेने पाहावे? या धाग्यात त्यासाठी चार नाट्यकृती आणि काही पॉडकास्ट निवडले आहेत. त्यांत राजवाडे, मुकुट आणि मेजवान्या नाहीत. सरकारी दप्तर आणि सामान्य माणूस यांच्यातील झगडा आहे.

३.
मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. बखर खरी की अस्सल कागद खरा, हा वाद आपल्याकडे शतकाहून अधिक काळ चालला आहे. वि. का. राजवाडे यांनी बखरींतील घोटाळे दाखवून अस्सल पत्रांना अग्रस्थान दिले आणि ती शिस्त योग्यच होती. परंतु अस्सल कागदच खोटे बोलू लागला तर काय करायचे?

४.
प्रारंभ १९६६ पासून. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला बीबीसीने ‘कॅथी कम होम’ हे नाट्य प्रक्षेपित केले. लेखक जेरेमी सँडफर्ड, दिग्दर्शक केन लोच, निर्माता टोनी गार्नेट. नाट्य पाहणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी २० लाख होती, म्हणजे तत्कालीन ब्रिटनच्या लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा.

५.
कथा साधी आहे. कॅथी आणि रेज हे नवविवाहित जोडपे. रेजला अपघात होतो, काम सुटते, भाडे परवडेनासे होते. मग सासूच्या कोंदट बिऱ्हाडात, तेथून कॅरॅव्हॅनमध्ये, तेथून बेघरांच्या वसतिगृहात अशी एकेक पायरी उतरत कुटुंब तळाशी जाते. वसतिगृहात पतीला राहण्याची मुभा नसते. शेवटी रेल्वे स्थानकावर कॅथीच्या हातांतून मुले काढून घेतली जातात.

६.
कल्याणकारी राज्याचा अभिमान बाळगणाऱ्या देशाला हे दृश्य सोसवले नाही. लोच यांनी चित्रीकरण स्टुडिओबाहेर, खऱ्या वस्त्यांत केले. संवादांच्या मधून घरटंचाईची आकडेवारी ऐकू येते. पात्रे कल्पित असली, तरी त्यांच्यावर ओढवलेले प्रसंग वास्तवात घडलेले होते. बातमीपट कोठे संपतो आणि नाट्य कोठे सुरू होते, हे प्रेक्षकाला कळेनासे झाले.

७.
येथे एका लोकप्रिय दंतकथेची तपासणी आवश्यक आहे. ‘कॅथी’ पाहून लोक हळहळले आणि त्यातून ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी काम करणारी संस्था जन्मली, असे अनेकदा सांगितले जाते. ‘शेल्टर’ची घोषणा १ डिसेंबर १९६६ रोजी, म्हणजे नाट्यानंतर पंधरवड्यात झाली, हे खरे. परंतु संस्थेची तयारी आधीपासून सुरू होती. नाट्याने तिला अनपेक्षित लोकाश्रय मिळवून दिला, जन्म दिला नाही.

८.
बेघर कुटुंबांना घर मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकणारा कायदा १९७७ साली आला. म्हणजे मध्ये अकरा वर्षे गेली. नाट्याने लोकमत हलवले, पण कायदा कार्यकर्त्यांच्या दीर्घ चिकाटीतून घडला. ‘आधी हे, नंतर ते, म्हणून यामुळेच ते’ हा तर्क इतिहासात किती फसवा असतो, याचे हे उत्तम उदाहरण.

९.
दुसरी कृती : ‘हिल्सबरो’, आयटीव्ही, डिसेंबर १९९६, लेखक जिमी मॅकगव्हर्न. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए चषकाचा उपांत्य सामना होता. प्रवेशद्वाराबाहेर गर्दी तुंबली. पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले. लोंढा आधीच भरलेल्या कुंपणबंद कप्प्यांत शिरला आणि माणसे चिरडली गेली.

१०.
मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. अखेरच्या जखमीचा मृत्यू २०२१ साली, दुर्घटनेनंतर ३२ वर्षांनी झाला. पोलीस प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांनी त्याच दुपारी असे सांगितले, की प्रेक्षकांनीच फाटक जबरदस्तीने उघडले. हे धादांत असत्य होते. काही दिवसांतच एका मोठ्या वृत्तपत्राने मद्यधुंद प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापल्याचा मजकूर पहिल्या पानावर छापला.

११.
न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्येच पोलिसांच्या नियंत्रणातील चूक हे मुख्य कारण असल्याचे नोंदवले होते. तरीही १९९१ साली कॉरोनरच्या चौकशीत ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निष्कर्ष दिला. त्या चौकशीत दुपारी ३.१५ नंतरचा पुरावा ऐकायचाच नाही, असे ठरले होते. त्या क्षणापर्यंत सर्वांचे मरण अटळ झाले होते, हे त्यामागील गृहीतक.

१२.
मॅकगव्हर्न यांनी मृतांच्या कुटुंबांशी बोलून नाट्य लिहिले. दोन मुली गमावलेले ट्रेव्हर हिक्स त्याच्या केंद्रस्थानी आहेत आणि त्यांची भूमिका ख्रिस्तोफर एकल्स्टन यांनी केली. नाट्य प्रभावी ठरले, बाफ्टा मिळाला, नव्या सरकारने १९९७ साली एका न्यायाधीशांकडून पुराव्यांची पुन्हा छाननीही करवली. १९९८ मध्ये उत्तर आले : नव्या चौकशीची गरज नाही.

१३.
म्हणजे येथे नाट्य हरले, असे म्हणावे का? तत्काळ परिणामाच्या दृष्टीने, होय. परंतु प्रश्न लोकांच्या स्मरणात जिवंत राहिला. अखेर स्वतंत्र समितीपुढे सुमारे साडेचार लाख पाने खुली झाली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. पोलिसांचे १६४ जबाब लक्षणीय प्रमाणात बदलले गेले होते. त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर काढला वा फिरवला होता.

१४.
थोडक्यात, दप्तरातील जबाब अस्सल होते : कागद खरा, सही खरी. मजकूर मात्र धुऊन काढलेला. साधनाची चिकित्सा म्हणजे केवळ कागदाचे वय आणि हस्ताक्षर तपासणे नव्हे, हे यातून उमगते. कागद कोणी लिहिला, कोणी वाचला, कोणी दुरुस्त केला आणि दुरुस्तीचा लाभ कोणाला झाला, हे प्रश्न अधिक मोलाचे.

१५.
याच दुर्घटनेवरील तिसरी कृती : ‘अ‍ॅन’, आयटीव्ही, जानेवारी २०२२, चार भाग, प्रमुख भूमिकेत मॅक्सीन पीक. अ‍ॅन विल्यम्स यांचा १५ वर्षांचा मुलगा केव्हिन हिल्सबरोमध्ये गेला. ३.१५ ची रेषा त्यांना मान्य नव्हती. त्यांनी स्वतः साक्षीदार शोधले. त्या वेळेनंतरही केव्हिन जिवंत असल्याचे आणि त्याने ‘मॉम’ असा शब्द उच्चारल्याचे एका महिला पोलीस कर्मचाऱ्याने सांगितले होते.

१६.
कायद्याचे शिक्षण नसलेल्या, दुकानात काम करणाऱ्या एका आईने साक्षी जुळवून अधिकृत कालरेषा मोडीत काढली. याला इतिहाससंशोधन नाही तर काय म्हणायचे? २०१२ च्या अहवालाने ४१ जणांचे प्राण कदाचित वाचू शकले असते, असे नमूद केले. अ‍ॅन विल्यम्स एप्रिल २०१३ मध्ये निवर्तल्या. ९६ जणांचा बळी बेकायदेशीररीत्या गेला, हा ज्यूरीचा निर्णय एप्रिल २०१६ मध्ये आला. तो ऐकायला त्या नव्हत्या.

१७.
चौथी कृती म्हणजे आरंभी उल्लेखिलेली ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’. लेखिका ग्वेनेथ ह्यूज, प्रमुख भूमिकेत टोबी जोन्स. ब्रिटनमधील बहुतेक टपालशाखा सब-पोस्टमास्तर चालवतात. ते पगारी नोकर नसून कराराने बांधलेले छोटे व्यावसायिक असतात. बाजूला किराण्याचे दुकान, कोपऱ्यात टपालाची खिडकी. शाखेच्या हिशेबात तूट आली तर ती स्वतःच्या खिशातून भरावी, असा करार त्यांच्यावर लादला जात असे.

१८.
१९९९ पासून या शाखांत ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसवण्यात आली. ती फुजित्सूच्या मालकीच्या कंपनीने बनवली होती. प्रणालीत दोष होते. नसलेली तूट पडद्यावर दिसू लागली. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरोच्या जो हॅमिल्टन मदतीसाठी दूरध्वनी करून सांगितल्याप्रमाणे कळा दाबत गेल्या, तर तूट त्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट झाली. मालिकेतील हे दृश्य एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही.

१९.
तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळे : असा त्रास दुसऱ्या कोणालाही नाही. हे वाक्य या साऱ्या अन्यायाचा कणा होते. प्रत्येक जण एकाकी पडला, स्वतःलाच दोष देऊ लागला. कोणी घर गहाण टाकले, कोणी आयुष्याची पुंजी ओतली. खटल्याच्या भीतीने कित्येकांनी न केलेला गुन्हा कबूल केला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक सब-पोस्टमास्तर दोषी ठरले. त्यांपैकी बहुतेकांवर खटले पोस्टानेच भरले होते.

२०.
म्हणजे फिर्यादी, तपास अधिकारी आणि नुकसान झाल्याचा दावा करणारा पक्ष एकच. त्यात कायद्यानेही भर घातली. पूर्वी संगणकाची नोंद पुरावा म्हणून मांडताना संगणक नीट चालत होता, हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली. त्यानंतर संगणक बरोबर असल्याचे न्यायालय गृहीत धरू लागले आणि तो चुकल्याचे दाखवण्याचे ओझे आरोपीवर आले. ज्याला यंत्राच्या आत डोकावण्याचीही मुभा नव्हती, त्याने ते दाखवायचे होते.

२१.
पीडितांत दक्षिण आशियाई वंशाचे दुकानदार मोठ्या संख्येने होते. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० साली गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. पोस्टाच्या तपास विभागात संशयितांची वांशिक वर्गवारी करणारा जुनाट शब्दांचा कागद वापरात होता, हे २०२३ साली उघडकीस आले. वसाहतकालीन नोंदवह्या चाळणाऱ्या अभ्यासकाला ही भाषा लगेच ओळखू येईल.

२२.
अ‍ॅलन बेट्स यांची शाखा वेल्समधील लँडिडनो येथे होती. तुटीची जबाबदारी स्वीकारण्यास नकार दिल्याने २००३ मध्ये त्यांचा करार संपवला गेला. २००९ साली ‘कॉम्प्युटर वीकली’ने काही सब-पोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या आणि त्याच वर्षी फेनी कॉम्प्टन नावाच्या गावातील सभागृहात पीडित प्रथमच एकत्र जमले. ‘दुसऱ्या कोणालाही त्रास नाही’ हे वाक्य त्या दिवशी कोसळले.

२३.
पुढे ५५५ जणांनी एकत्रित दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीतील दोष स्पष्ट शब्दांत मान्य केले. शाखेचा हिशेब बाहेरून कोणी बदलू शकत नाही, हा पोस्टाचा दावाही असत्य ठरला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. सत्य सिद्ध झाले होते. तरीही बहुसंख्य पीडित निर्दोष ठरायचे बाकीच होते.

२४.
मालिकेने नवा पुरावा आणला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सर्व काही आधीच छापलेले होते. तिने एवढेच केले, की विखुरलेल्या घरांतील दुःखे एका पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. निकालपत्राच्या शेकडो पानांत जे हरवले होते, ते एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी दिवाणखान्यात बसून पाहिले. २४ मे २०२४ रोजी दोषसिद्धी रद्द करणाऱ्या कायद्याला राजमान्यता मिळाली.

२५.
तरी मालिकेला संपूर्ण इतिहास मानू नये. चार तासांत बसवण्यासाठी तिने माणसे निवडली, प्रसंग आखडले. खलपक्षाला एक चेहरा लागतो, म्हणून संस्थेच्या प्रमुख बाईंवर प्रकाश एकवटला. प्रणाली बनवणारी कंपनी, वकील आणि तपासनीस तुलनेने अंधारात राहिले. शिवाय संसदेने न्यायालयांचे शेकडो निकाल एका कायद्याने पुसावेत का, हा घटनात्मक पेच मालिकेच्या आवाक्याबाहेरचा आहे.

२६.
ती उणीव पॉडकास्ट भरून काढतात. ‘द ग्रेट पोस्ट ऑफिस ट्रायल’ हा पत्रकार निक वॉलिस यांचा बीबीसी रेडिओ ४ वरील पॉडकास्ट २०२० चा, म्हणजे मालिकेच्या कितीतरी आधीचा आहे. त्यात नट नाहीत, पीडितांचेच आवाज आहेत. क्रम असा ठेवावा : आधी मालिका, मग पॉडकास्ट. मालिकेने गुंतलेले मन पॉडकास्टमधील तपशील लक्षपूर्वक ऐकते.

२७.
भारतीय श्रोत्यासाठी सर्वांत निकडीचा पॉडकास्ट म्हणजे कविता पुरी यांचा ‘थ्री मिलियन’ (बीबीसी, २०२४). विषय १९४३ चा बंगालचा दुष्काळ. किमान ३० लाख माणसे गेली, असे आज मानले जाते आणि तो आकडाच शीर्षक झाला आहे. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली होती. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : दप्तराने कोणाला मोजले आणि कोणाला वगळले?

२८.
त्या काळी सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये ‘द स्टेट्समन’ने उपासमारीची छायाचित्रे छापली, तेव्हा जगाला कळले. चित्रकार चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून नष्ट करण्यात आल्या. पुरी यांनी वाचलेल्या वृद्धांच्या आणि तत्कालीन अधिकाऱ्यांच्या आठवणी एकत्र आणल्या. उपाशी माणसाने मागे कागद ठेवलेला नसतो. त्याचा इतिहास आवाजातूनच मिळतो.

२९.
पुरी यांचाच ‘थ्री पाउंड्स इन माय पॉकेट’ युद्धोत्तर काळात खिशात मोजके पाउंड घेऊन ब्रिटनमध्ये उतरलेल्या दक्षिण आशियाई स्थलांतरितांच्या आठवणी सांगतो. पोस्टाच्या खिडकीमागचा भारतीय दुकानदार तेथे कसा पोहोचला, हे त्यातून उलगडते. साम्राज्याच्या विस्तृत पटासाठी विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचा ‘एम्पायर’, तर विद्वानांची शिस्तबद्ध चर्चा ऐकायची असल्यास १९९८ पासून चालत आलेला ‘इन अवर टाइम’.

३०.
पाहताना आणि ऐकताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. एक, यातले किती कागदावर सिद्ध आहे आणि किती कल्पनेने भरले आहे? दोन, कोणाचा आवाज ऐकू येत नाही? तीन, ही कृती आली त्या आधी कोण किती वर्षे राबत होते? तिसरा प्रश्न विसरला, की श्रेय पडद्याला जाते आणि फेनी कॉम्प्टनच्या सभागृहातील माणसे पुन्हा अदृश्य होतात.

३१.
बखर आणि अस्सल कागद यांच्या वादाला या कृती एक वेगळे वळण देतात. नाट्य पुरावा होऊ शकत नाही. परंतु ‘कागद उघडा’ असे सत्तेला सांगण्याचे बळ ते समाजाला देऊ शकते. हिल्सबरोचे सत्य अखेर कागदांतूनच बाहेर आले. ते कागद मात्र तेवीस वर्षे कोणीतरी मागत राहिले, म्हणून उघडले.

३२.
सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न पडल्यास ‘अ‍ॅन’पासून करावी. एका आईने ३.१५ ही वेळ खोटी ठरवण्यासाठी चोवीस वर्षे वेचली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनचिकित्सेचा याहून मोठा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सहजी सापडणार नाही.